लेक टांझानियाला शिकवायला निघाली आहे, तिथल्या एका घरात राहणार. बरोबर काय देऊ?

हर्णैची आई

नमस्कार मंडळी. धाकटी लेक, वय 24, डी.एड. झालेली, पुढच्या महिन्यात 6 महिन्यांसाठी टांझानियाला निघाली आहे. शाळेत बिनपगारी शिकवणार. संस्थेने राहायची सोय एका कुटुंबात केली आहे. गाव समुद्रकाठचं, टांगा शहराजवळचं. घरात नवरा-बायको, चार मुलं, आजी. मुसलमान कुटुंब आहे. लेक म्हणते, आई, मासे मिळतील, तू कशाला काळजी करतेस. अगं, माशांची काळजी कोण करतंय! ही चिपळूणला मावशीकडे राहिली तरी तिसऱ्या दिवशी फोन, "बाबांना पाठव." परक्या घरात पहिले पंधरा दिवस काढणार कशी?

कोकम, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि लोणचं प्लास्टिकच्या पिशव्यांत दुहेरी बांधून तयार आहे. खोवणीही द्यावी का? हे म्हणतात, मला वेड लागलंय. कोणी असं राहून आलं असेल तर सांगा. गोड गोड नको.

रत्नागिरीची सिस्टर

खाऊचं नंतर. मच्छरदाणी लागतेच. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करायच्या. घरात उरलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या देऊ नका, तिकडच्या मलेरियाला त्या लागू पडत नाहीत. विमान केनियामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं आत्ताच विचारून घ्या, कारण लस घेतल्यावर 10 दिवसांनी दाखला लागू होतो. आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आल्ये" हेच. हे लोक विसरतात.

वेळणेश्वरची मास्तरीण

ताई, मी पांगानीला 7 महिने राहून आल्ये, टांग्याच्या दक्षिणेला. नदी समुद्राला मिळते तिथेच गाव, आणि पलीकडे जायला फेरीबोट. ती बघितली आणि मला दाभोळ-धोपाव्याची फेरी आठवून भर बंदरावर रडू फुटलं. तेव्हा गोड सांगणार नाहीच.

आधी त्या पिशव्या सोडा. टांझानियात जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यांनाही. डबे आणि कापडी पिशव्या घ्या.

पहिले दोन दिवस मला कोणी कशाला हात लावू दिला नाही. घरातली एकुलती बरी खुर्ची मला, माशाची मधली तुकडी मला. मी उठले की सगळी उठणार. भाषा येत नाही, नुसतं हसून हसून गाल दुखले. खोलीत जाऊन दार लावलं तर आजी बाहेर उभी राहून "पोले, पोले." पुस्तकात 'पोले पोले' म्हणजे सावकाश असं वाचलेलं. मनात म्हटलं, मी बसल्ये नुसती, आणखी सावकाश काय करू? नंतर कळलं, हे पोले म्हणजे "काय झालं गो बाय तुला." ठेच लागली तरी पोले, शाळेतून दमून आलं तरी पोले. दार लावून एकटं बसणं हे त्यांच्या लेखी आजारपण. लेकीला सांगा, रडायचं तर सगळ्यांसमोर अंगणात बसून रड.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा चुलीशी होती. (मामा म्हणजे आई. त्यांच्यात आईला मामा, बहिणीला दादा, भावाला काका आणि आजोबांना बाबू. माझा पहिला आठवडा नाती लावण्यातच गेला.) तर मामा मला म्हणाली, म्बुझी आण. म्बुझी म्हणजे बकरी, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच मला काहीतरी सांगितलेलं आणि तेही कळलेलं! धावत परसात गेले. बकरी माडाला बांधलेली. दोरी सोडली तर ती हलेना. मागून ढकलत, दोन पायऱ्या चढवून, तिला स्वयंपाकघरात नेऊन उभी केली. मामाच्या हातात फोडलेला नारळ. तिने बकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जमिनीवर बसकण मारून हसायला लागली ती थांबेचना. धाकट्याने कोपऱ्यातून एक बुटका, घडीचा लाकडी पाट ओढून आणला. पुढे लोखंडी जीभ, तिला दाते. खोवणी! तिचं नावही म्बुझीच.

बकरी धाकट्याच्या हवाली केली, पाटावर बसले आणि वाटी धरली. आपल्या हाताला ते शिकवावं लागत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पांढरं शुभ्र खोबरं, करवंटीलगतची तांबूस साल येऊ न देता. मामाने चिमटीत घेऊन पाहिलं, मग ताटली उचलून आजीला दाखवायला नेली. त्या दिवसापासून घरातला नारळ माझ्याकडे, आणि खुर्ची गेली ती गेलीच.

शाळेतल्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी म्हणच ऐकवली: म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. तेव्हा खोवणी नको, पण काम मागून घ्यायला सांगा. मला बकरीने वाचवलं, सगळ्यांना बकरी मिळेल असं नाही.

जेवणाची चिंता नाही. नारळाच्या रसातला भात, माठाची भाजी, उजव्या हाताने खाणं, सगळं ओळखीचं. व्हितुंबुवा म्हणून नाश्त्याला करतात, तांदूळ-नारळाचे, खळग्यांच्या तव्यातले; आपल्या आप्प्यांची सख्खी बहीण. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ती मात्र चार दिवस घशात अडकते. माझं कोकम आजीने चाखून नाक मुरडलं, त्यांना चिंच लागते.

शाळेत शिरलं की अख्खा वर्ग उभा राहून "शिकामो, म्वालिमू!" हा मोठ्यांना करायचा नमस्कार, मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. उत्तर द्यायचं "माराहाबा." मी उलट "शिकामो" म्हटलं आणि वर्ग हसून हसून लोळला. घरी मात्र आजीला सकाळी आपणच म्हणायचं, विसरलं तर दुपारपर्यंत अबोला. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालते, त्यामुळे आकडे तरी इथूनच पाठ करून जाऊ दे. सीता म्हणजे 6, हे विसरणार नाही.

जुना खलाशी, दाभोळ

मास्तरीणबाई, बकरी झकास. मी मालवाहू बोटीवर होतो, मोंबासा आणि दार-एस-सलाम दोन्ही केलंय. आपल्या माणसाला ती भाषा अर्धी येतेच, कोणी सांगत नाही म्हणून. बंदर म्हणजे बांदारी, नाखवा म्हणजे नाहोधा, नांगर म्हणजे नांगा. थंडीतल्या ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं तिकडे जायची आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायची. येताना-जाताना शब्द सांडले असणार.

वहिनी, फोनचं लक्षात ठेवा. ते आपल्या अडीच तास मागे. तुम्ही रात्री 9 ला फोन लावाल तेव्हा तिथे 6:30, मगरीबची म्हणजे संध्याकाळच्या नमाजाची वेळ. 10 नंतर लावा. आणि ती म्हणाली "1 वाजता शाळा" तर घाबरू नका, त्यांचं घड्याळ सकाळी 6 पासून मोजतं. आपले 7 म्हणजे त्यांचा 1.

वेळणेश्वरची मास्तरीण

अगदी! शेजारणीने लग्नाच्या जेवणाला 8 ला बोलावलं, मी सकाळी 8 ला नटूनथटून दारात. जेवण दुपारी 2 ला होतं. सहा तास कांदे चिरले.

हर्णैची आई

सगळ्यांचे आभार. पिशव्या सोडून स्टीलचे डबे काढले. खोवणी परत मांडणीखाली ठेवली, ह्यांना सांगितलं नाही. सिस्टरबाई, लशीचं उद्याच विचारते. लेकीला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मला आतून हुंदका आणि ही बकरीवर हसतेय. सकाळपासून मला "मामा, चहा" म्हणून हाक मारत्ये. खरा मामा संध्याकाळी यायचाय तिला भेटायला, त्याला काय म्हणते बघू.