ताटली लहान, पण डबा कुठे?

कुणीतरी 'लहान ताटलीत वाढून घेतलं की आपोआप कमी खाल्लं जातं' असं लिहिलंय. जरा थांबा. हा सल्ला ज्यांनी गाजवला ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे तेव्हाचे संशोधक ब्रायन वॉन्सिंक. 2018 मध्ये जामाच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या) वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे 6 शोधनिबंध एकदम मागे घेतले, त्यातला एक तर मोठ्या भांड्यातून माणूस जास्त वाढून घेतो, याच विषयावरचा! म्हणजे सल्ला खोटाच ठरला असं नाही, पण पुरावा डळमळीत आहे.

खाण्याच्या वस्तूंची जागा बदलण्यावर मात्र माझा जास्त भरवसा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत बिलाच्या काउंटरपाशी चॉकलेटं, वेफर्स मांडायला बंदी आहे. विकायला नाही हं, फक्त तिथे मांडायला.

आमच्याकडे फरसाणाचा डबा ओट्यावर असायचा. चहा उकळेपर्यंत दोन मुठी सहज जायच्या. आता तो माळ्यावर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, ओट्यावर चणे-शेंगदाणे. मी स्टूल क्वचितच ओढतो. पण सासूबाईंनी आठवड्यातच दुसरा डबा आणला आणि तो थेट टीव्हीशेजारी ठेवला. त्यांना कोण समजावणार?