दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, नक्की किती तास?

मावशी: अगं तुझं तिकीट बघितलं, दिल्लीहून पहाटे ४ ला निघणार आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी ७ ला पोचणार असं लिहिलंय, ३ तासात अमेरिका?? वेळ चुकीची छापलीय का बघ

ताई: नाही गं मावशी, बरोबर आहे. निघायची वेळ दिल्लीची आणि पोचायची तिकडची असते. सध्या तिकडचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे आहे, ३ मध्ये ते मिळव, साडेपंधरा तास झाले. थंडीत ते लोक घड्याळ अजून १ तास मागे घेतात, तेव्हा फरक साडेतेरा तासांचा

मामा: मी नेटवर अंतर बघितलं, १२,४०० किमी दाखवतंय. विमान ताशी ९०० ने जातं म्हणजे १४ तासांच्या आत पोचायला हवं, वरचा दीड तास कुठे जातो?

दादा: मामा ते १२,४०० म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणला तर जेवढा लागेल तेवढं, सगळ्यात कमी अंतर. ती रेषा सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का अशी जाते आणि दिल्लीतून निघाल्या निघाल्या हिमालय आणि तिबेटचं पठार मधे येतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं आणि तिबेटात जमीनच सरासरी १५,००० फुटांच्या आसपास आहे, म्हणून बहुतेक विमानं तो भाग टाळतात. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा, रनवेची रांग पण त्यातच आली

मामा: म्हणजे वळसा जेवढा मोठा तेवढा वेळ जास्त

दादा: तसं नाही ना, इथेच तर खरी मजा आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त उडालं आणि तरी जवळजवळ २ तास लवकर पोचलं, साडेचौदा तासात!! सगळी वाऱ्याची करामत. १०-१२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, थंडीत तर कधी कधी ताशी २०० च्या पण वर. विमानाचा ९०० हा वेग हवेच्या हिशोबाने असतो, मागून १०० चा वारा मिळाला की जमिनीवरून १,००० पडतो आणि समोरून आला की ८००, दर तासाला २०० किमीचा फरक

मावशी: मग येताना तोच वारा समोरून लागणार की

ताई: येताना अटलांटिकवरून आले तर तेही पूर्वेकडेच, वारा मागूनच. जाताना पूर्वेला, येताना पूर्वेला, पृथ्वीला अख्खी फेरी होते 😀

दादा: पण रूट आधीपासून पक्का नसतो, त्या त्या दिवसाचा वारा आणि कुठलं आकाश बंद आहे ते बघून ठरवतात. हेलसिंकी ते टोकियो आधी साडेनऊ तास लागायचे, २०२२ मध्ये युरोपच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच १३ तासांवर गेलं, विमानतळ आहेत तिथेच आहेत

मावशी: बरं, हिला आणायला कधी जायचं ते सांगा, तिकिटावर १४ तारीख दिसतेय

ताई: १४ ला सकाळी १० ला मी तिकडून निघणार मावशी, साडेसोळा तासांनी म्हणजे इथे १५ ला दुपारी ३ ला उतरणार. १५ लाच या

मामा: मी येतो. निघायच्या आधी लाइव्ह ट्रॅकिंग बघतो, वारा चांगला मिळाला तर लवकर पण उतरशील