१९७९ची डेटोना ५००: शेवटच्या फेरीत चूक कोणाची?

घाटवळण
डेटोना ५०० या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीचा (रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची शर्यत), त्यातही १९७९च्या शर्यतीचा विषय निघाला की सगळे थेट ड्रायव्हरांच्या मारामारीवर येतात. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात काय झालं यावर धड कोणी बोलत नाही. बोललंच तर दोष डॉनी ॲलिसनच्या माथी मारून मोकळे होतात. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ फेब्रुवारी १९७९, फ्लोरिडातलं डेटोना. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० फेऱ्या, म्हणजे आपल्या हिशेबाने ८०० किलोमीटर. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी कललेला. शेवटच्या फेरीत डॉनी पहिला, केल यारबरो त्याच्या शेपटीला चिकटून दुसरा, बाकीचे अर्ध्या फेरीहून मागे. मागच्या सरळ पट्ट्यावर केलने आतल्या बाजूने गाडी घातली, डॉनीही आत आला. केलची डावी चाकं ओल्या गवतात गेली, गाड्या एकमेकींवर आदळत राहिल्या आणि तिसऱ्या वळणावर भिंतीला लागून ट्रॅकच्या आतल्या मैदानात उतरल्या. मागून रिचर्ड पेटी आला आणि जिंकला. मैदानात मग केल, डॉनी आणि डॉनीचा भाऊ बॉबी यांची मारामारी जुंपली.

डॉनीचं नंतर म्हणणं होतं की केलने जायचं तर बाहेरून जावं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्यात गैर काय? पुढे असलेल्याने आपली वाट निवडायची, मागच्याने दुसरी शोधायची. शेवटच्या फेरीत आतली बाजू सोडून देणारा ड्रायव्हर मला दाखवा.

चौथा_गिअर
साफ असहमत. वाट निवडणं वेगळं आणि शेजारी आलेल्या गाडीला डांबरावरून खाली ढकलणं वेगळं. ते चित्रण पुन्हा बघा. केलची गाडी आत शिरायला लागली तेव्हा जागा होती, डॉनी सरकत गेला तशी ती संपली. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग असताना डावी चाकं चिखलात गेल्यावर स्टिअरिंग हातात राहत नाही. त्यानंतर केल डॉनीवर आदळला याला तुम्ही हल्ला म्हणाल, मी म्हणेन गाडी ताब्यात नव्हती.

केल त्या जागी का होता हेही बघा. सायकलवर ट्रकच्या मागे राहिलं की वारा लागत नाही, पाय हलके होतात, तसंच हे. मागच्या गाडीला हवेचा रोध कमी, म्हणून शेवटच्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर असणं त्या काळी फायद्याचं मानत. पुढच्याच्या आडोशाला थांबायचं आणि नेमक्या क्षणी बाहेर पडून गोफणीतल्या दगडासारखं सुटायचं. केलने डाव अचूक टाकला होता. १९७६, ७७ आणि ७८ असं सलग तीन वर्षं अख्ख्या मोसमाचं विजेतेपद मिळवलेला माणूस तो. डॉनीला हरायचं नव्हतं, म्हणून त्याने दार लावलं.

घाटवळण
@चौथा_गिअर, डाव अचूक होता तर बाहेरून का नाही टाकला? रस्ता केवढा रुंद आहे! आणि एक गोष्ट तुम्ही सोडलीत. साधारण ३२व्या फेरीला केल, डॉनी आणि डॉनीचा भाऊ बॉबी याच मागच्या पट्ट्यावर घसरले होते. पावसाने मैदान भिजलेलं होतं, केल चिखलात अडकला आणि काही फेऱ्या मागे पडला. म्हणजे तिथे कडेला काय आहे हे त्याला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. तरी तिथेच चाकं घातली.

चौथा_गिअर
ते मान्य, पण मग त्या फेऱ्या त्याने भरून काढल्या हेही लिहा ना. पिवळा झेंडा (धोका आहे, सावकाश चालवा अशी खूण) येईल तेव्हा रेषेपर्यंत आधी पोचायचं, गेलेली एकेक फेरी परत मिळवायची, असं करत तो पुन्हा पहिल्या गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. एवढं केलेल्या माणसाने शेवटच्या पट्ट्यावर दुसरा क्रमांक पत्करायला हवा होता का?

शार्लटकर
दोघांचं वाचतोय. मी उत्तर कॅरोलिनात राहतो, इथे जुन्या लोकांमध्ये हा वाद अजून जिवंत आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक तेवढ्याच कळकळीने बोलतात.

माझं मत नियमांच्या बाजूने जातं. त्या वेळी आतल्या कडेला ‘याच्या खाली जायचं नाही’ अशी रेषा नव्हती. २००१पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकवर दुहेरी पिवळी रेषा आहे, तिच्या खालून पुढे गेलात तर ती चाल धरत नाहीत. मग वाद मिटला का? २००८ला टॅलाडेगात शेवटच्या क्षणी रीगन स्मिथला टोनी स्टुअर्टने आत दाबलं, स्मिथ पिवळ्या रेषेखालून पुढे निघाला, शर्यतीची अंतिम रेषा आधी ओलांडली आणि तरी विजय स्टुअर्टला दिला. पुढच्याच वर्षी त्याच ट्रॅकवर ब्रॅड केसेलोव्स्की आत होता. कार्ल एडवर्ड्स त्याला अडवायला खाली आला, ब्रॅडने या वेळी रेषा सोडली नाही. एडवर्ड्सची गाडी हवेत उडून जाळीवर आदळली, काही प्रेक्षक जखमी झाले.

म्हणून मी चौथा_गिअर यांच्या बाजूने आहे. पुढच्याला हवं तसं अडवू दिलं की मागच्यापुढे दोनच पर्याय राहतात, गवत नाहीतर टक्कर. १९७९ला केलने आधी एक घेतला, मग दुसरा त्याच्यावर आला.

रेवा_म
एक विचारते. सगळे डॉनी आणि केल करताय, पेटीचं काय? त्या हिवाळ्यात त्याच्या पोटाचं अल्सरचं मोठं ऑपरेशन झालं होतं. सलग ४५ शर्यतींत त्याला विजय नव्हता. तो उभा राहिला, डॅरेल वॉल्ट्रिपला शेवटच्या सरळ पट्ट्यावर मागे ठेवून गाडीभर अंतराने जिंकला. डेटोना ५००चा त्याचा सहावा विजय, आणि त्या मोसमाचं विजेतेपदही त्यालाच मिळालं. पण कॅमेरे वळले मैदानातल्या गुद्दागुद्दीकडे. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

माझ्यासाठी खरी तुलना १९७६ची. तीच शर्यत, शेवटचीच फेरी, चौथ्या वळणातून बाहेर पडताना पेटी आणि डेव्हिड पिअर्सन धडकले. पेटीची गाडी अंतिम रेषेच्या अलीकडे बंद पडली. पिअर्सनने क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं आणि मोडकी गाडी सरपटत नेऊन जिंकला. तिथे कोणी कोणाच्या अंगावर धावून गेलं नाही. मग १९७९चाच एवढा गवगवा का?

बाकावरून
रेवाताई, कारण १९७९ लोकांनी घरी बसून पाहिली. ५०० मैलांची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवायची ही अमेरिकेत पहिलीच वेळ. सीबीएस वाहिनीवर केन स्क्वायर समालोचन करत होता. त्यात पूर्वेकडे मोठं हिमवादळ आलेलं, लोकांना बाहेर पडता येईना, आणि तेव्हा टीव्हीवर चॅनेल मोजके. ज्यांनी स्टॉक कार कधी पाहिली नव्हती अशांनी त्या दुपारी पाहिली. मला तर वाटतं मारामारी झाली नसती तरी ही शर्यत लक्षात राहिली असती. पावसामुळे पहिल्या १५-१६ फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली, मागे पडलेला माणूस परत पुढे, शेवटच्या फेरीत दोन्ही आघाडीच्या गाड्या बाद, आजारातून उठलेला तिसराच जिंकतो. आणखी काय हवं?

चौथा_गिअर
@बाकावरून, मारामारीबद्दल माझंही मत नोंदवतो. त्यात केल चुकला. बॉबी भावाची विचारपूस करायला थांबला होता. अपघातात बॉबीचा हात आहे असं केलला वाटलं, आणि बॉबीच्या सांगण्यानुसार तो गाडीतच बसलेला असताना केलने हेल्मेट मारलं. बॉबी टकरीत कुठेच नव्हता. तिघांनाही प्रत्येकी ६००० डॉलर दंड झाला, त्यातला बॉबीचा मला पटत नाही.

घाटवळण
इथे तरी आपलं जमलं. शार्लटकरांचं २००९चं उदाहरण माझ्या विरोधात जातं हे मान्य करतो. अडवणं धोकादायक आहे यावर आता वाद घालणार नाही. पण धोकादायक म्हणजे अन्यायाचं नव्हे, आणि १९७९ला तशी मनाई नव्हती.

मला खटकतं ते पुढचं. केलकडे तेव्हा दोन डेटोना ५०० होत्या, १९८३ आणि ८४ला आणखी दोन आल्या. डॉनीला एकही मिळाली नाही. टॅलाडेगाला दोनदा जिंकलेला, १९७०ला शार्लटची ६०० मैलांची शर्यतही मारलेला ड्रायव्हर, पण त्याचं नाव घेतलं की चिखलातलं तेच दृश्य दाखवतात. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या मानकऱ्यांत, बॉबी २०११ला गेला, केल २०१२ला. डॉनीला २०२४ उजाडावं लागलं.

रेवा_म
हे माहीत नव्हतं. मग निकालाचा तक्ता काढून बघितला. दोघंही बाकीच्यांपेक्षा इतके पुढे होते की मैदानात बंद पडूनही डॉनी चौथा आणि केल पाचवा. आठव्या जागी पुढे मोठं नाव झालेला डेल अर्नहार्ट, त्याची ही पहिलीच डेटोना ५००.

शार्लटकर
म्हणजे कागदावर तरी डॉनी केलच्या पुढेच राहिला. घाटवळण, हे तुमच्या बाजूला लिहून घ्या. माझं मत मात्र बदललेलं नाही, आत जागा होती.