हंपीचं विठ्ठल मंदिर आईला दाखवायचंय, गुडघेदुखी आहे, कसं प्लॅन करू?

आई माळकरी आहे, दरवर्षी वारीला जायची, आता गुडघ्यांमुळे बंद झालंय. तिची फार इच्छा आहे की पंढरपूरचा विठोबा जिथे नेला होता ती जागा बघायची. डिसेंबरात कोल्हापूरहून निघायचा विचार आहे. चालणं किती पडतं, आणि तिथे दर्शन, अभिषेक वगैरे होतो का?

प्रतिसाद १
कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट होस्पेटला जाते, तिथून हंपी साधारण १३ किमी, रिक्षा मिळतात. विठ्ठल मंदिराला नदीकाठाने पायवाट आहे, कोदंडराम मंदिरावरून जाते, सुंदर आहे पण खडक आणि पायऱ्या आहेत, आईंना नको. रस्त्याने जा, पार्किंगपासून बॅटरीवाली गाडी मिळते. सकाळी दार उघडतं तेव्हाच पोचा, नंतर दगड तापतात आणि गाडीला रांग लागते.

प्रतिसाद २
दर्शनाचं विचारलंय म्हणून मुद्दाम लिहितेय, आईंना निघायच्या आधीच सांगा की तिथे मूर्ती नाहीये. गाभारा रिकामा आहे, पूजा होत नाही. माझ्या सासूबाई हार, तुळस घेऊन गेल्या होत्या आणि आत अंधार बघून त्यांना खूप लागलं, आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे परंपरा अशी की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने मूर्ती नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरपूरला आणली. ही गोष्ट आईंना माहीत असणारच, तर त्यांना म्हणा की विठोबा घरी परत गेला म्हणून इथे जागा रिकामी आहे. मग तोच गाभारा वेगळा दिसतो हो. बाकी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर सगळं शहरच लुटलं गेलं, ते गाईड सांगतीलच.

आणि जवळच नदीकाठी पुरंदरदासांचा मंडप आहे, जमलं तर तिथे नक्की बसवा. कन्नडमध्ये विठ्ठलाची पदं रचणारा माणूस, वारकऱ्याला तो परका वाटतच नाही.

प्रतिसाद ३
वरच्या ताईंशी सहमत. पूजेसाठी विरूपाक्ष मंदिरात न्या, तिथे आजही रोज पूजा चालते, दुपारी बंद असतं तेवढं बघा. आत एका अंधाऱ्या खोलीत छोट्या झरोक्यातून गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती चुकवू नका.

विठ्ठल मंदिरात लोक ५० च्या नोटेवरच्या दगडी रथापाशी फोटो काढतात आणि निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तो रथ म्हणजे गरुडाचं मंदिर आहे, तोंड बरोबर गाभाऱ्याकडे. पुढचे हत्ती नंतर बसवलेत, मूळ घोडे होते, हत्तींच्या मागे घोड्यांचे पाय अजून दिसतात. वाजणाऱ्या खांबांना हात लावायला बंदी आहे, ती योग्यच आहे. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट खाली उतरते, अंधार असतो, गुडघे दुखत असतील तर आईंना वरच थांबवा.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं, मूर्ती नाही हे तिला माहीत होतं म्हणे, तरी जायचंच आहे. पुरंदरदासांच्या मंडपापर्यंत बॅटरी गाडीच्या स्टॉपपासून किती चालावं लागेल, वाट सपाट आहे का?

प्रतिसाद २
लांब नाही, पण शेवटी नदीकडे उतार आणि ओबडधोबड दगड आहेत. काठी आणि हाताला कोणीतरी हवं. पाणी जास्त असेल तर मंडप बुडतो, म्हणून आधी स्टॉपवर विचारून मगच खाली न्या.