आधी अर्थिंग बघा
नवी बॅटरी टाकूनही जुनी मारुती ८०० सकाळी नुसतं ‘टक्’ करते म्हणताय, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) उतरवायची घाई नको. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर (क्लिपवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणाला तरी चावी मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडी-इंजिनाला जोडणारी) किंवा तिचा बोल्ट गंजलाय. पॉलिश पेपरने चकचकीत घासा, आवळा, वरून व्हॅसलीन. ठीक असेल तर तीच तपासणी पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरचा जाड बोल्ट अशी करा. आणि चालू इंजिनावर बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात ना? नसतील तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) पट्टा आधी बघा.