कर्ज फिटल्याशिवाय गाडी दुबईला नाही

नागपूरहून दुबईला राहायला जाताना कर्जावरच्या गाडीचं काय करायचं, यावर 'हप्ते चालू ठेवा आणि गाडी जहाजात टाका' असा सल्ला मिळतो. तो चालणार नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा असेपर्यंत गाडी तारण आहे. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेणं म्हणजे करारभंग. शिवाय दुबईत उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची नोंदणीच होत नाही, म्हणजे कर्ज फेडूनही आपली गाडी तिथे कुचकामी. विकाच.

आधी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडायला एकूण किती भरायचे याचा हिशेब, घ्या. व्याज दिवसागणिक चढतं, म्हणून ज्या दिवशी पैसे भरणार त्याच तारखेचं मागा. पैसे भरल्यावर ऑटो-डेबिट बंद करायला सांगा, नाहीतर पुढचा हप्ताही कापला जातो नि परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. मग बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, बँकेच्या सही-शिक्क्यासह, दोन प्रती घ्या. एनओसी साधारण ३ महिनेच चालते, कपाटात ठेवू नका. सरकारच्या 'परिवहन' पोर्टलवर बोजा उतरवण्याचा अर्ज करा. आरटीओ कार्यालय गाडीच्या नंबरवरून ठरतं: एमएच-३१ असेल तर गिरीपेठ, एमएच-४९ म्हणजे पूर्व नागपूर, एमएच-४० ग्रामीण.

गाडी विकताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९, ३० वर सह्या विमानात बसण्याआधी करा, आणि ओटीपीसाठी इथलं सिम चालू ठेवा.