छोटी एसयूव्ही घेताना पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

राजापूरची लेक:
नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो आणि माझे माहेर राजापूर तालुक्यात असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी अणुस्कुरा घाट उतरणे होते. घरात आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई. बारा वर्षे वापरलेली हॅचबॅक आता बदलायची आहे. ऑन-रोड साडेतेरा लाखांपर्यंत जाण्याची तयारी आहे आणि वर्षाला साधारण 9,000 किलोमीटर प्रवास होतो.

नेक्सॉन, ब्रेझा, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ आणि कायलॅक अशा चार गाड्या पाहून आले. प्रत्येक ठिकाणी विक्रेत्याने आधी सनरूफ उघडून दाखवले आणि मग स्क्रीन. एके ठिकाणी मी स्टेपनी कोणत्या मापाची आहे असे विचारले, तर तो मुलगा विचारायला आत गेला तो चहा घेऊनच बाहेर आला. एका गाडीचे दार लावताना जड आणि भक्कम वाटते, पण तिचे मधलेच व्हेरियंट आमच्या बजेटमध्ये बसते. दुसरीचे सगळ्यांत वरचे, सर्व सोयींचे व्हेरियंट तेवढ्याच पैशांत मिळते. यांची तुलना कशी करावी? आणि घाट आहे म्हणून डिझेलच घ्यावी, असे दीर म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

घाटवाट:
ताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, ती विक्रेता सांगणार नाही. चार मीटरच्या आतल्या या गाड्या मुळात कराच्या नियमामुळे जन्माला आल्या. लांबी चार मीटरपेक्षा जास्त नसावी आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसी, डिझेल असेल तर 1500 सीसीच्या आत असावे, या अटी पाळणाऱ्या गाडीला 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी लागतो आणि न पाळणारीला 40 टक्के. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे असल्यामुळे ती 40 टक्क्यांच्या रांगेत जाते. म्हणजे शोरूममध्ये दोन गाड्यांची किंमत सारखी दिसली, तरी एकीत तुमच्या पैशांतला बराच मोठा हिस्सा सरकारकडे जातो. याचा अर्थ ब्रेझा वाईट, असा मुळीच नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) नसलेले तिचे चार सिलिंडरचे इंजिन गुळगुळीत चालते आणि तालुक्याच्या गावीही त्याला हात लावणारा मेकॅनिक सापडतो, हे मी मोठे मूल्य मानतो.

दाराच्या जडपणावर मात्र जाऊ नका. तो ‘धप्प’ आवाज बऱ्याच अंशी रबर बीडिंग आणि लॉकच्या रचनेतून येतो. अपघातात सांगाडा कसा टिकेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी क्रॅश टेस्टचा निकाल पाहावा आणि चाचणी कोणत्या वर्षाची आहे हेही पाहावे. नेक्सॉनला 2018 मध्ये पाच तारे मिळाले होते आणि 2024 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून तपासणाऱ्या संस्थेच्या अधिक कडक केलेल्या निकषांवर पुन्हा पाच मिळाले. थ्रीएक्सओ आणि कायलॅक यांना भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीत पाच तारे आहेत. ब्रेझाचे चार तारे 2018 चे, म्हणजे आधीच्या पिढीच्या गाडीचे आणि जुन्या निकषांवरचे आहेत, ते आजच्या गाडीला लावता येणार नाहीत. सहा एअरबॅग आता या वर्गात खालच्या व्हेरियंटपासून मिळू लागल्या आहेत, त्यामुळे वरच्या व्हेरियंटला मोजलेले जादा पैसे सहसा सुरक्षिततेसाठी नसून चैनीसाठी असतात. तुमच्या जागी मी असतो तर चाचणीत भक्कम ठरलेल्या गाडीचे मधले व्हेरियंट घेतले असते.

पाचवा गिअर:
डिझेलचा हिशेब मांडतो. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला 15 आणि डिझेल 18 किलोमीटर देते असे धरू. भाव अनुक्रमे 105 आणि 92 रुपये. 9,000 किलोमीटरला पेट्रोल 600 लिटर, म्हणजे 63,000 रुपये. डिझेल 500 लिटर, म्हणजे 46,000 रुपये. वर्षाची बचत 17,000. डिझेल गाडीची जादा किंमत आणि जादा कर मिळून दीड लाखाचा फरक धरला, तर तो भरून निघायला जवळजवळ नऊ वर्षे लागतात. आपल्या राज्यात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स आहे आणि डिझेलला 14, हे बहुतेक जण विसरतात. शिवाय बीएस-6 (धुराच्या सध्याच्या नियमांनुसार बनलेल्या) डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो, त्याला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावे लागते. चढावर डिझेलचा ओढा सुखाचा असतो, हे दिरांचे म्हणणे खरेच आहे. पण आजचे टर्बो पेट्रोलही अणुस्कुरा सहज चढते.

जांभा दगड:
आमचे घर कोकणात आहे, म्हणून सनरूफबद्दल अनुभवाने लिहितो. त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आमची गाडी आंब्याखाली उभी असे. दुसऱ्याच पावसाळ्यात मोहोर आणि पानांचा चुरा त्या नळ्यांत अडकला आणि पाणी आरशाच्या वरून थेट माझ्या मांडीवर ठिबकू लागले. दुरुस्तीवाल्याने दोनदा सील बदलण्याचे पैसे घेतले. शेवटी मीच हलकी हवा मारून नळ्या मोकळ्या केल्या. त्यापेक्षा मागचा वायपर, मागच्या सीटसाठी एसीची झडप, उंची कमी-जास्त होणारी ड्रायव्हरची सीट आणि एसीची हाताने फिरवायची बटणे यांना महत्त्व द्या. घाटात धुके असताना काचेवरची वाफ घालवण्यासाठी स्क्रीनवर बोटाने बटण शोधत बसणे परवडत नाही.

सासूबाईंसाठी एक साधी परीक्षा सांगतो. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आली पाहिजे. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघ्यावर भार येतो, वर असेल तर चढताना. दाराखालची चौकट किती रुंद आहे तेही पाहा, कारण पाय त्यावरूनच आत घ्यावा लागतो.

राजापूरची लेक:
सर्वांचे आभार. डिझेलचा विषय आमच्या घरापुरता मिटला. दिरांना हिशेब वाचून दाखवला. काल सासूबाईंना घेऊन दोन शोरूममध्ये गेले. मला आवडलेल्या गाडीत त्या आत सहज बसल्या, पण उतरताना दाराच्या चौकटीत चप्पल अडकली. दुसऱ्या गाडीतून मात्र त्या कुणाचा हात न धरता उतरल्या आणि विक्रेता सनरूफ दाखवू लागला तेव्हा म्हणाल्या, “ते बंद कर बाबा, ऊन येतंय.” त्याच गाडीचे मधले व्हेरियंट शनिवारी चौघांना बसवून चढावर चालवून पाहायचे ठरले आहे.